नवीन खिडक्या बसवल्यावर भिंतीला भेगा: काय करावं?

शाल्मली_प | ३ मे, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडमधली, १९७८ सालची. तळमजल्यावर दोन मजले, कॉलम-बीम नाहीत, विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेत. आम्ही सगळ्यात वर राहतो. सागवानी चौकटीच्या जुन्या खिडक्यांमधून दर पावसाळ्यात पाणी आत यायचं आणि झडपा फुगून बसायच्या. शेवटी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन खोल्यांना यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या.

आठवड्याभरात नव्या चौकटीच्या कडेने, प्लास्टर जिथे चौकटीला भिडतं तिथे, सगळीकडे बारीक रेघ दिसू लागली. त्याचं फार वाटलं नाही. पण आईबाबांच्या खोलीत खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली आहे. आधी वीतभर होती, आता हातभर होऊन वर स्लॅबच्या दिशेने चालली आहे. त्याच भिंतीवर स्लॅबच्या खाली एक आडवी रेघही आहे.

ज्यांनी काम केलं ते म्हणतात, "ताई, प्लास्टर वाळतंय. महिनाभर थांबा, पुट्टी मारून देतो." बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्या भेगेखालीच त्यांचा पलंग आहे आणि ते रात्री उठून टॉर्चने भिंत बघतात. मला खरंच काळजी वाटते आहे. असा अनुभव कुणाला आहे का? पावसाच्या आत काय करून घ्यावं?

गच्चीवरची तुळस | ३ मे, १०:४०

आधी पलंग हलवा. बाकीचं नंतर बघता येईल.

शाल्मली_प | ३ मे, १०:४४

हलवला. आत्ताच.

वाकडकर | ३ मे, ११:२५

आमच्याकडेही झालं होतं. बिल्डिंग चार वर्षांची, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंती. बिल्डरने दिलेल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या काढून मोठ्या काचेच्या बसवल्या. कारागिराने ड्रिल हॅमरवर ठेवून भोकं पाडली आणि चार ठिकाणी ब्लॉकचा तुकडाच निघून आला. त्या ब्लॉकला ठोके सोसत नाहीत. साधं फिरतं ड्रिल आणि लांब नायलॉनचे प्लग लागतात, हे नंतर कळलं. भेगा पडल्यावर बिल्डरकडे गेलो. रेरा कायद्यात ताबा घेतल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची असते. पण त्याने सरळ सांगितलं की खिडकी तुम्ही बदललीत, भिंत तुम्ही फोडलीत. नवीन बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी पाच वर्षं संपेपर्यंत खिडक्यांना हात लावू नये असं मला आता वाटतं.

ओळंबा | ३ मे, दुपारी १:०५

मी स्थापत्य अभियंता, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त. शाल्मलीताई, तुमच्या तीन भेगा तीन वेगळ्या प्रकारच्या आहेत. सगळ्यांना एकाच पुट्टीने गप्प बसवू देऊ नका.

चौकटीच्या कडेची रेघ बहुतेक निरुपद्रवी आहे. यूपीव्हीसी उन्हाने काँक्रीटच्या सहापट तरी वाढतं. दीड मीटरची चौकट तापमानात ३० अंशांचा फरक पडला की जवळजवळ ३ मिलिमीटर हलते, तेवढ्याच लांबीचं काँक्रीट अर्धा मिलिमीटरही हलत नाही. म्हणून चौकट आणि भिंत यांच्यात ५ ते १० मिमी फट ठेवून ती फोमने भरायची आणि वर सीलंट द्यायचा, अशी पद्धत आहे. सिमेंट थेट चौकटीला भिडवलं तर तिथे फट दिसणारच.

स्लॅबखालची आडवी रेघ शेवटच्या मजल्यावर नेहमी आढळते. गच्चीचा स्लॅब दिवसा तापून पसरतो, रात्री आकसतो, आणि भिंत त्याच्याबरोबर तेवढी हलत नाही. भारतीय मानक ब्युरोचं इमारतींतल्या भेगांवर एक पुस्तक आहे, एसपी २५, १९८४ सालचं. त्यात हा प्रकार आकृत्यांसह दिलाय. ही रेघ खिडकी बसवण्याच्या आधीही होती का? जुने फोटो बघा.

तिरकी भेग मात्र गंभीर. विचारायचंच झालं तर पहिलं तिच्याबद्दल विचारा. आज इतकं करा: भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा. गॅरेजवाल्याकडून फिलर गेज आणा, स्पार्क प्लगची फट मोजतात ते. कुठली पाती आत जाते ते वहीत लिहा. मधोमध रंग खरवडून काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटवा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. शिवाय खिडकीच्या वरचं आणि बाजूचं प्लास्टर लाकडी दांड्याने हलकेच वाजवून बघा, पोकळ आवाज कुठे येतो ते खूण करून ठेवा.

शाल्मली_प | ३ मे, १:३०

खूप खूप आभार. संध्याकाळी सगळं करते.

लेस्टरची माई | ३ मे, ४:१८

इंग्लंडमध्ये हा विषय घरोघरी निघतो. आमचं घर १९३० च्या दशकातलं, पुढे बाहेर आलेली मोठी खिडकी. त्या काळच्या कित्येक घरांत अशा खिडक्यांवर लिंटेल (वरचा भार पेलणारा आडवा आधार) नव्हताच. वरच्या विटा सरळ लाकडी चौकटीवर बसवलेल्या, आणि पन्नास-साठ वर्षं ते लाकूड भार वाहत राहिलं. पुढे प्लास्टिकच्या खिडक्या आल्या तेव्हा लोकांनी लाकूड काढून त्या बसवल्या. प्लास्टिक भार घेत नाही. विटा खचल्या, वरच्या खोलीच्या भिंतीला भेगा गेल्या. आमच्या आधीच्या मालकाकडे हेच झालं होतं. आम्ही लोखंडी खांब आणि वर आडवा आधार घालून घेतला. २००२ पासून इथे बदली खिडक्यासुद्धा बांधकाम नियमांखाली येतात.

इथले सर्व्हेअर भेगेच्या रुंदीवरून ० ते ५ असे वर्ग करतात. १ मिमीपर्यंतची भेग म्हणजे रंगकाम करताना बुजवण्यासारखी, ५ मिमीपर्यंत साधी दुरुस्ती, आणि २५ च्या पुढे इमारतच धोक्यात. तुमची किती रुंद आहे?

ओळंबा | ३ मे, ५:०२

माईंची माहिती बरोबर आहे, पण त्या आकड्यांवर विसंबून झोपू नये असं माझं मत. ते वर्ग झालेल्या नुकसानीचे आहेत. अर्धा मिलिमीटरची भेग रोज बोटभर लांबत असेल तर मला तिची जास्त भीती वाटते, वीस वर्षं जागची न हललेल्या तीन मिलिमीटरच्या भेगेपेक्षा. भेग कुठून निघून कुठे चालली आहे आणि वाढते आहे की थांबली आहे, हे रुंदीच्या आधी बघायचं.

वऱ्हाडी | ३ मे, रात्री ९:११

अकोल्यात आमचं घर काळ्या मातीवर. उन्हाळ्यात माती फाटते तशी भिंतही फाटते, आणि पावसाळ्यात निम्म्या भेगा आपोआप मिटतात. त्याही खिडकीच्या कोपऱ्यातूनच तिरक्या निघतात, कारण भिंत तिथेच सर्वात कमजोर. आम्ही सगळा दोष नव्या खिडक्यांना दिला होता. नंतर लक्षात आलं की ज्या खोलीतली खिडकी बदललीच नाही तिथेही तशीच भेग आहे. ताई, शेजाऱ्यांकडेही डोकावून या.

खिडकीवाला | ४ मे, सकाळी ८:२०

माझा स्वतःचा खिडक्यांचा वर्कशॉप आहे, चिंचवडला, १४ वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही. प्रत्येक वेळी फॅब्रिकेटरला दोषी धरतात. गिऱ्हाईक पाच जणांकडून चौरस फुटाचा दर मागतं आणि सर्वात स्वस्ताला काम देतं. त्या दरात गवंडीकाम नसतंच. चौकट काढणं, कडा सरळ करणं, प्लास्टर हे सगळं "बघून घेऊ" वर सुटतं. मग आमची मुलं, ज्यांना गवंड्याचं काम येत नाही, तीच छिन्नी-हातोडा घेतात.

जुन्या सागवानी चौकटी काढणं सोपं नाही. प्रत्येक बाजूला दोन-तीन लोखंडी होल्डफास्ट (चौकट धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) भिंतीत सहा-नऊ इंच आत गाडलेले असतात. ओढून काढले की त्यांच्याबरोबर विटा निखळतात. बरोबर पद्धत अशी की आधी कटरने प्लास्टर कापून घ्यायचं, चौकट मधोमध करवतीने कापून आतल्या बाजूला मोडायची, आणि होल्डफास्ट भिंतीलगत कापून तिथेच सोडून द्यायचे. ब्रेकर लावायचाच नाही.

ताई, एक विचारतो. जुनी चौकट भंगारात दिली का? अजून घरी असेल तर बाहेरून बाहेर रुंदी मोजा, आणि नव्या चौकटीचीही मोजा.

शाल्मली_प | ४ मे, ९:०५

चौकट आहे! आईला त्या सागवानाचा चौरंग करून घ्यायचा होता म्हणून तिन्ही गच्चीवर ठेवल्या आहेत. आज शाळेतून आले की मोजते.

राजापूरकर | ४ मे, ११:५०

आमच्या गावच्या घराच्या भिंती जांभ्याच्या. जांभ्याच्या एका दगडालाही चिरा म्हणतात, त्यामुळे चिऱ्याच्या भिंतीला चिरा पडल्या असं सांगितलं की मुंबईची भाचरं हसतात. आमच्याकडे खिडकीवर काँक्रीट नव्हतं, फणसाच्या लाकडाची जाड फळी होती. खिडकी बदलायला घेतली तेव्हा ती फळी आतून वाळवीने पोखरलेली निघाली. वरून रंग होता म्हणून दिसत नव्हतं. गवंडी शहाणा, त्याने तिथेच काम थांबवलं आणि दोन्ही बाजूंनी टेकू दिले. खिडक्या बदलण्याच्या निमित्ताने वरची फळी टोचून बघायला हवी, हे जुन्या घरवाल्यांना मुद्दाम सांगतो.

पाऊलवाट | ४ मे, १२:१५

अवांतर: यूपीव्हीसी घेताना लोखंडी जाळी ठेवली का? आमच्या सोसायटीत बाहेरची जाळी काढायला परवानगीच देत नाहीत, आणि तिसऱ्या मजल्यावर लहान मूल असेल तर मलाही ते पटतं.

शाल्मली_प | ४ मे, रात्री ८:४०

मोजून आले. हात थरथरत होते.

हॉल आणि स्वयंपाकघर: जुनी आणि नवी चौकट सारखीच, अर्ध्या इंचाचा फरक.

आईबाबांची खोली: जुनी ४ फूट ६ इंच. नवी ४ फूट १० इंच. चार इंच जास्त!

त्यांना फोन केला. आधी "माप तुम्हीच दिलं" म्हणाले. मग कबूल केलं की चौकट ओढताना डाव्या बाजूच्या विटा निघाल्या, त्या परत बांधण्यापेक्षा कडा सरळ करून खिडकीच मोठी केली. "तुम्हाला उजेड जास्त मिळाला" असंही म्हणाले. आम्हाला कुणी विचारलं नाही. आम्ही त्या दिवशी शाळेत आणि आईबाबा आतल्या खोलीत.

काचेची पट्टी लावली आहे. फिलर गेजची ०.४ ची पाती आत जाते, ०.५ ची जात नाही. डाव्या बाजूचं प्लास्टर, लिंटेलच्या टोकाखाली, पोकळ वाजतं.

आणि जुने फोटो: मागच्या दिवाळीच्या फोटोत आकाशकंदिलामागे स्लॅबखालची आडवी रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे ती जुनीच. ओळंबाकाका, तुमचं बरोबर होतं.

ओळंबा | ४ मे, ९:१५

ताई, आता चित्र बरंच स्पष्ट झालं. खिडकीवरचा लिंटेल दोन्ही टोकांना भिंतीवर साधारण सहा इंच टेकलेला असतो. डावीकडची चार इंच भिंत काढली असेल तर तिकडे फक्त दोन इंच आधार उरला. स्लॅबचा आणि वरच्या विटांचा भार त्या दोन इंचांवर येतोय, त्याखालची वीट चिरडते आहे, म्हणून तिथे पोकळ आवाज आणि वर तिरकी भेग.

फोटो आणि फोनवरून याच्यापुढे कुणीही बोलू नये, मीही नाही. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला उद्या-परवाच बोलवा. तोवर खिडकीच्या आत डाव्या कडेला दोन लोखंडी प्रॉप (टेकू), वर-खाली जाड फळी, जॅक हाताने घट्ट होईल इतकाच. फार ताणून लिंटेल उचलू नका. सोसायटीला लेखी कळवा, कारण भारवाहक भिंत ही तुमच्या एकटीची नाही.

खिडकीवाला | ४ मे, ९:३०

आमच्या धंद्यातल्या माणसाने हे केलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. चौकट नेहमी भोकाच्या मापाची करायची. भोक चौकटीच्या मापाचं कधीच करायचं नाही. वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजायची, सर्वात लहान माप धरायचं आणि त्यातूनही दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी सोडायचे. नवीन खिडकी छोटी करायची वेळ आली तर मला कळवा. फ्रेम कापून पुन्हा वेल्ड करता येते, काच मात्र नवी लागेल.

मांजराकाठ | ४ मे, १०:०२

मी लातूरचा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर जी नवी घरं बांधली त्यांत दारं-खिडक्यांच्या वर भिंतीभर फिरणारी काँक्रीटची पट्टी घालत. ती पट्टी चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखी बांधून ठेवते. आता नवी पिढी "खिडकी छतापर्यंत हवी" म्हणून ती पट्टी कापायला निघते. आमच्या चुलत्यांच्या घरी मी स्वतः उभा राहून काम थांबवलं. उंची वाढवायची हौस असेल तर खिडकी खाली वाढवा, पट्टीला हात लावू नका. एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा अशी हात जोडून विनंती.

गच्चीवरची तुळस | ४ मे, १०:१०

@मांजराकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. सांगितलंत हे फार बरं केलंत.

कायदेशीर_सल्ला | ५ मे, सकाळी ९:४५

शाल्मलीताई, पैसे पूर्ण दिले का? उरले असतील तर थांबवा. काम करणाऱ्याला व्हॉट्सॲपवर नाही, पोस्टाने पोचपावतीसह पत्र पाठवा. मापांतला फरक, फोटो, तारखा सगळं त्यात लिहा. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. इंजिनिअरचा लेखी अहवाल हा तुमचा सर्वात मोठा पुरावा. दुरुस्तीच्या आधीचे फोटो मोजपट्टी भिंतीला लावून काढा.

वाकडकर | ५ मे, १०:२०

मला वाटतं आयोगात जाण्याआधी त्यांना दुरुस्तीची एक संधी द्यावी. माणूस चुकतो.

कायदेशीर_सल्ला | ५ मे, १०:३२

संधी द्याच, पण लेखी द्या. आणि भिंतीचं काम त्यांच्याकडून करून घेऊ नका. तो खर्च त्यांच्याकडून घ्या.

शाल्मली_प | १९ मे, संध्याकाळी ६:५०

उशीर झाला, माफ करा. घरात टेकू, धूळ आणि पाहुणे, सगळं एकदम होतं.

इंजिनिअर ७ मे ला आले. काचेची पट्टी तोवर तडकली होती. ०.५ ची पातीही आत जाऊ लागली होती. त्यांनी डावीकडचं प्लास्टर काढायला लावलं. लिंटेलखाली आधार सव्वादोन इंच, आणि त्याखालच्या दोन विटा चिरलेल्या. ओळंबाकाकांचा अंदाज जवळजवळ तंतोतंत.

काम असं झालं: लिंटेलखाली तीन प्रॉप. नवी खिडकी काढली. चिरलेल्या विटा एकेक करून बाहेर, आणि डावी कड जुन्या विटांत दात धरून पुन्हा बांधली, आधीच्याच मापाला. शेवटच्या थराच्या आणि लिंटेलच्या मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरली. सात दिवस गोणपाट लावून पाणी मारलं, प्रॉप दहाव्या दिवशी काढले. मग तिरकी भेग इंग्रजी व्हीसारखी कोरून, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरली आणि वर जाळीची पट्टी देऊन प्लास्टर केलं. इंजिनिअर म्हणाले की रंग आत्ता देऊ नका, दिवाळीपर्यंत भिंत उघडी बघा.

खिडकी आता ४ फूट ६ इंचांची. @खिडकीवाला यांच्याकडूनच फ्रेम छोटी करून घेतली. त्यांनी मजुरी घेतली नाही, फक्त काचेचे पैसे घेतले. या वेळी चारही बाजूंना फट ठेवून फोम भरला आहे. पहिल्या काम करणाऱ्यांनी पत्र मिळाल्यावर गवंडीकामाचा निम्मा खर्च दिला. उरलेल्यासाठी बोलणं चालू आहे.

आणि बाबा आपल्या जागी झोपायला लागले. पेन्सिलच्या खुणा त्यांनी पुसू दिल्या नाहीत. रोज सकाळी चष्मा लावून बघतात.

लेस्टरची माई | १९ मे, ७:३०

वाचून जीव भांड्यात पडला.

नवीन_सभासद_क | २० मे, दुपारी १२:०५

पूर्ण धागा वाचला. मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्याकडे फक्त चौकटीच्या कडेची बारीक रेघ आहे, तिरकी काही नाही. तिथे पुट्टी चालेल का? आणि स्लॅबखालच्या आडव्या रेघेचं शेवटी काय ठरलं?

ओळंबा | २० मे, १२:५०

कडेच्या रेघेत पुट्टी नको, एका उन्हाळ्यात सुटून येईल. कटरने पाच-सहा मिमी रुंद खाच पाडा, धूळ ब्रशने काढा, आत फोमची दोरी दाबून वर ताणला जाणारा सीलंट भरा. आतून वर रंग देणार असाल तर रंग बसणारा सीलंट मागा, साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. बाहेरच्या बाजूने हे काम पावसाच्या आधी, कोरड्या भिंतीवरच करा. नाहीतर पाणी तिथूनच आत येईल.

आडव्या रेघेचा उपाय खोलीत नाही, गच्चीवर आहे. ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) फुटला असेल तर तो दुरुस्त करून वर पांढरा उष्णतारोधक लेप द्यायचा. स्लॅब कमी तापला की हालचाल कमी होते. रेघ पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही.

शाल्मली_प | २० मे, १:१५

आमच्या गच्चीचा कोबा दोन ठिकाणी फुगलाय. सोसायटीच्या सभेत हा विषय घातला आहे, ३१ तारखेला सभा. ओळंबाकाका, लेप देण्याआधी कोबा किती वाळलेला हवा?

ओळंबा | २० मे, १:४०

फुगलेला भाग उकरून आधी बघा, खाली पाणी साठलं असणार. ते पूर्ण वाळल्याशिवाय लेप नको. वळीव आला तर पुन्हा थांबा. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे.